घरचीच उदाहरणं

इंग्रजीतलं 'टेक' हे क्रियापद गुरुनाथने विट्याच्या शाळेत पाठ केलं होतं. टेक, टुक, टेकन. पुढची तीस वर्षं ते त्याने बिनतक्रार वापरलं. पण नागोयाजवळच्या चिर्यू गावात सहा चिनी माणसांसमोर उभं राहून ते शिकवायची वेळ आली, तेव्हा त्याला कळलं की हे क्रियापद म्हणजे सरकारी कचेरीतला तो एकटा कारकून आहे, ज्याच्या टेबलावर सगळ्यांची कामं येऊन पडतात.

चिनी भाषेत तसं नसतं. तिथे ज्याचं काम त्याने करायचं. हातात धरायला एक क्रियापद, सोबत न्यायला दुसरं, फोटो काढायला तिसरं. बसमध्ये ते नुसते बसतात आणि औषध खातात. जपानी माणूस तेच औषध पितो. मराठी माणूस आपला औषध घेतो, म्हणून आपण इंग्रजांचे जवळचे, असं गुरुनाथला वाटलं. पण परीक्षेपाशी त्याची गाडी अडली. आपण परीक्षा देतो, आणि इंग्रजीत मात्र विद्यार्थ्यानेच ती घ्यायची असते. गुरुनाथने फळ्यावर बिनधास्त 'गिव्ह' लिहिलं. पुढच्या बाकावरच्या लिनने डिक्शनरी उघडली आणि पाहुण्यापुढे ताट करावं तशी दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरली. गुरुनाथने वाचलं, फळा पुसला आणि म्हणाला की इंडियात दोन्ही चालतं. मोटारीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीला होता तो. चूक कशी मांडायची हे त्याला माहीत होतं.

हा वर्ग फुकट होता. गावच्या कोमिनकानात, म्हणजे लोकांनी भजनापासून विणकामापर्यंत काहीही करावं म्हणून बांधलेल्या सार्वजनिक हॉलात, दर रविवारी सकाळी भरायचा. व्यवस्था होरी-सान नावाचे निवृत्त पोस्टमास्तर बघत. 'इंग्रजी शिकवायला परदेशी स्वयंसेवक मिळाले आहेत' अशी पाटी त्यांनी लावली, तेव्हा पहिल्या रविवारी गावातल्या बऱ्याच बायका नटूनथटून आल्या होत्या. परदेशी म्हणजे सोनेरी केसांचा, असा त्यांचा समज असावा. समोर पाहतात तो मिशीवाला, काळासावळा, चपलांच्या कपाटाशी स्वतःचे बूट नीट लावून ठेवणारा गुरुनाथ. त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला, तासभर हसतमुखाने ऐकलं आणि पुढच्या रविवारपासून प्रत्येकीच्या घरी कुणी ना कुणी आजारी पडलं. उरले ते चिनी. त्यांना सोनेरी केसांशी देणंघेणं नव्हतं. वर्ग फुकट होता आणि मास्तर शाळेसारखं शिकवत होता, एवढं त्यांना पुरे होतं.

त्यातली लिन सगळ्यात पुढे. चौतिशीची, दालियान शहरातली. तयार जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात ती आठवडाभर भातावर एकेक मुरलेलं आलुबुखार ठेवत असे. नवरा कॅनडात, व्हँकूव्हरच्या एका हॉटेलात भांडी घासत होता. मुलगा दालियानला आजीकडे. तीन माणसांचं घर, आणि तीन देशांत. व्हँकूव्हरच्या एका छोट्या कॉलेजात म्हाताऱ्या माणसांची सेवा शिकवायचा कोर्स होता. तिथे प्रवेश मिळाला तर ती नवऱ्याकडे जाणार आणि मग मुलाला बोलावून घेणार. त्यासाठी सप्टेंबरात कॉलेजची माणसं नागोयाला येऊन मुलाखत घेणार होती. नापास झाली तर नोव्हेंबरात जपानचा व्हिसा संपला की सरळ दालियान. हे सगळं तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, अर्धं जपानीत, अर्धं हातवाऱ्यांत, आणि मग 'प्लीज, स्ट्रिक्ट' असे दोनच इंग्रजी शब्द बोलून खाली बसली होती.

स्ट्रिक्ट म्हटल्यावर गुरुनाथला एकच पद्धत माहीत होती. विट्याच्या नीलकंठ मास्तरांची.

नीलकंठ मास्तर म्हणत, उदाहरण घरचं द्यावं आणि खरं द्यावं. खोटं उदाहरण दिलं की पोराचं अर्धं लक्ष खोट्याकडे जातं आणि क्रियापद बोंबलतं. त्यामुळे मास्तरांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येकाला त्यांच्या म्हशीची इत्थंभूत माहिती होती. म्हैस साध्या वर्तमानकाळात दूध देत असे, चालू वर्तमानकाळात रवंथ करत असे आणि साध्या भूतकाळात तिने मास्तरांच्या मेहुण्याला लाथ घातली. ज्या दिवशी म्हैस मेली त्या दिवशी मास्तरांनी पूर्ण भूतकाळ शिकवला. वर्गातलं कुणी हसलं नाही, आणि रडलंही नाही. सगळ्यांनी उतरवून घेतलं.

गुरुनाथकडे म्हैस नव्हती. जे होतं ते त्याने फळ्यावर लिहिलं.

'माय वाइफ टुक अवर डॉटर टु पुणे.' टेक म्हणजे सोबत नेणं. 'आय टुक देम टु द एअरपोर्ट.' पोचवणं. 'शी टुक द प्रेशर कुकर.' उचलणं, घेऊन जाणं. इथे वर्गाला कुकर म्हणजे काय ते कळेना, तेव्हा गुरुनाथने तोंडाने शिटी काढून दाखवली, आणि सहाही जणांनी मान डोलावून ती वहीत कशीबशी उतरवली. 'आय टुक द राँग ट्रेन होम.' वाहनाने जाणं. 'आय टेक अ टॅब्लेट टु स्लीप.' औषध. 'इट टेक्स टाइम.' वेळ लागणं.

चिनी विद्यार्थी पाठांतराला पक्के. एक वाक्य दिलं की ते पुढच्या रविवारी जसंच्या तसं, श्वासासकट परत यायचं. होरी-सान कोपऱ्यात चहाचं पाणी ठेवत असत, आणि हॉलभर सहा आवाजांत एकसुरात घुमत असे, की माझी बायको मुलीला पुण्याला घेऊन गेली, मी त्यांना विमानतळावर सोडलं, मी घरी येताना चुकीच्या गाडीत बसलो. कुणी काही विचारत नसे. उदाहरण ते उदाहरण. म्हशीबद्दल तरी कुणी काय विचारलं होतं?

आणि गुरुनाथला ते बरं वाटायचं, हे आता सांगायला हरकत नाही. कारण ही वाक्यं त्याने दुसऱ्या कुणालाच सांगितली नव्हती.

नागोयातल्या मराठी मंडळींना त्याने सांगितलं होतं की सुलेखा सुट्टीला गेली आहे. मग सुट्टी संपली, तेव्हा सुलेखाच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. गुडघा बरा झाला, तर मुलीची, ईश्वरीची, शाळेतली परीक्षा. मंडळींतला प्रताप, बँकेतला, दर पंधरवड्याला फोन करून विचारायचा, "काय रे, वहिनी कधी येतायत?" आणि गुरुनाथ आधी 'गणपतीनंतर' म्हणायचा, मग 'दिवाळीनंतर' म्हणायचा, आणि दिवाळीनंतर पुन्हा गणपतीवर यायचा. मराठी सणांची एवढी लांबलचक रांग असल्याचा उपयोग त्याला पहिल्यांदाच कळत होता.

खरी गोष्ट अशी, की सुलेखा चार वर्षं चिर्यूतल्या दोन खोल्यांत राहिली आणि त्या चार वर्षांत दाराची घंटा वर्तमानपत्रवाल्याशिवाय कुणी वाजवली नाही. गुरुनाथ रात्री उशिरा यायचा, रविवारी झोपायचा. ईश्वरी मराठीत विचारलेल्याला जपानीत उत्तर देऊ लागली, तेव्हा घरात सुलेखाशी मराठीत बोलणारं कुणीच उरलं नाही. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "तुझी वाटच बघायची तर तिथे बघते. तिथे निदान शेजारी विचारतील, कुणाची वाट बघतेस म्हणून." विमानतळावर तिने सांगितलं की परत यायचं नाही असं तिने ठरवलंय. मग बॅगांचं वजन झालं, कुकरमुळे थोडं जास्त भरलं, आणि त्या गडबडीत गुरुनाथचं उत्तर द्यायचं राहून गेलं.

रविवार रिकामे झाले तेव्हा त्याने होरी-सानांची 'स्वयंसेवक पाहिजेत' ही आधीची पाटी वाचली.

तर सप्टेंबर आला आणि शनिवारी लिनची मुलाखत झाली. दुसऱ्या दिवशी वर्गाला ती सगळ्यांच्या आधी येऊन उभी होती. बसायला तयार नाही. जपानी, इंग्रजी आणि मध्येच चिनी, असं मिसळून तिने जे सांगितलं ते गुरुनाथला जोडत जोडत कळलं.

नागोयातल्या एका हॉटेलात टेबलामागे एक चष्मेवाल्या बाई आणि एक दाढीवाले गृहस्थ होते. बाईंनी गोड आवाजात विचारलं, तुमच्या कुटुंबाबद्दल सांगा. लिनची तयारी केलेली उत्तरं भीतीने कुठल्या कुठे पळाली. जिभेवर होती ती रविवारची वाक्यं, एकही काना-मात्रा न हललेली. ती हुशार, त्यामुळे तिने तेवढ्यात बायकोचा नवरा केला आणि मुलीचा मुलगा. बाकी तसंच ठेवलं. माझा नवरा मुलाला पुण्याला घेऊन गेला. मी त्यांना विमानतळावर सोडलं. त्याने प्रेशर कुकर नेला. मी घरी येताना चुकीच्या गाडीत बसले. मी झोपेची गोळी घेते. वेळ लागतो.

इंग्रजी इतकं स्वच्छ, की बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी कागद उलटले. कागदांवर नवरा व्हँकूव्हरला होता आणि मुलगा दालियानला. खोटे नवरे आणि खोटी कागदपत्रं त्यांनी बरीच पाहिली असणार. त्यांनी आणखी काही विचारलं, लिनला ते समजलं नाही, आणि न समजल्यावर ती पुन्हा म्हणाली, की वेळ लागतो. अर्ज बाजूला ठेवला गेला. ते लोक मंगळवारी परत जाणार होते. सोमवारी दुपारपर्यंत कुणी येऊन हा घोळ समजावून सांगितला तर बघू, असं एका जपानी कारकुनाने तिला बाहेर आल्यावर सांगितलं.

गुरुनाथ आधी हसला. मग तिचा चेहरा बघून थांबला. मागच्या बाकावर येऊन बसलेले चीनच्या फुजियान प्रांतातले दोन भाऊ आपापल्या वह्या बंद करून बघत होते, जणू ह्या वाक्यांना आता हात लावायला नको.

सोमवारची सुट्टी मागायला त्याने त्याच दिवशी साहेबांच्या घरी फोन केला. अकरा वर्षांत असा फोन त्याने केला नव्हता. साहेबांनी काळजीने विचारलं, घरचं काही? गुरुनाथ म्हणाला, हो, घरचंच.

रात्री त्याने काय बोलायचं ते ठरवलं. सोपं होतं. मी हिचा मास्तर, ही व्याकरणाची वाक्यं, मी रचलेली. बिचारी घाबरून तीच बोलली. ह्यात कुणाचं काही जात नव्हतं. त्याचं स्वतःचं तर मुळीच नाही. आरशासमोर म्हणून पाहिलं, तर इतकं छान जमलं की त्याला वाटलं, हे उत्तर आपण प्रतापलासुद्धा देऊ शकू. रचलेली बायको, रचलेली मुलगी.

सोमवारी त्याने ते तसंच्या तसं म्हटलं. लिन शेजारी हात मांडीवर ठेवून ताठ बसली होती. दाढीवाले गृहस्थ पटल्यासारखे दिसले. बाईंना मात्र पटलं नव्हतं.

त्यांनी चष्मा काढला आणि शांतपणे सांगितलं, की व्याकरणाची पुस्तकं त्यांनीही वीस वर्षं शिकवली आहेत. त्यातली माणसं बाजारात जातात, सफरचंद घेतात, वेळेवर घरी येतात. "विमानतळावर माणसं सोडून येताना चुकीच्या गाडीत बसणं, हे कुणी रचत नाही," त्या म्हणाल्या. "हे कुणाचं तरी खरं आहे. लिनचं असेल तर हा अर्ज खोटा आहे."

लिनला सगळं कळलं नसावं, पण 'खोटा' हा शब्द कळला. तिने गुरुनाथकडे पाहिलं नाही. समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिली. तिने पाहिलं असतं तर कदाचित त्याला राग येऊन गेला असता, आणि रचलेल्या उत्तराला चिकटून राहणं सोपं झालं असतं.

"माझं आहे," गुरुनाथ म्हणाला.

मग तो बोलत गेला. बायकोचं नाव सांगितलं, मुलीचं सांगितलं, पुण्यातला पत्ता सांगितला, जो कुणी विचारला नव्हता. दीड वर्ष झालं. ती सुट्टीला गेलेली नाही, ती परत येणार नाही. तिने तसं मला सांगितलं आणि मी त्यावर काही बोललो नाही. कुकरचंही खरं आहे. बाईंनी कुकरबद्दल काहीच विचारलं नव्हतं, तरी त्याने तो किती लिटरचा हे सांगितलं. गुणवत्ता तपासणीची सवय. इंग्रजी सगळं बरोबर आलं. नीलकंठ मास्तर म्हणत ते उगीच नाही. खरं बोलताना क्रियापद चुकत नाही.

बाईंनी चष्मा परत घातला. लिनला त्यांनी एकच प्रश्न विचारला, सावकाश, एकेक शब्द वेगळा करून: तुझ्या नवऱ्याला शेवटचं कधी पाहिलंस? ह्याचं पाठ केलेलं उत्तर नव्हतं. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत, सगळे काळ एकमेकांत गुंतवत, तिने दालियानचं बंदर, पाऊस, नवऱ्याची फाटकी छत्री आणि मुलाने त्याच्या खिशात घातलेलं उकडलेलं अंडं, असं काहीतरी सांगितलं. एक वाक्य धड नव्हतं. बाई लिहून घेत होत्या.

परतताना दोघं मेइतेत्सु रेल्वेच्या स्टेशनात आली. नागोयाचं हे स्टेशन जमिनीखाली आहे, आणि बाहेरगावच्या माणसाला फसवायलाच बांधल्यासारखं आहे. एकाच रुळावर दर दोन-तीन मिनिटांनी वेगवेगळ्या गावाच्या गाड्या येतात. फलाटावर रंगीत रेघा असतात, आपल्या गावच्या रेघेत उभं राहायचं आणि वरची पाटी वाचायची. पाटी वाचायला विसरलं की संपलं. लिनची गाडी यायला अवकाश होता. कारखान्यात रात्रपाळीला जायचं होतं तिला. आपल्या रेघेत उभी राहून तिने जपानीत मास्तरांना हाक मारली, "सेन्सेई, ती चुकीची गाडी कुठे गेली?"

गुरुनाथला आधी कळलं नाही ती कशाबद्दल बोलतेय.

"वाक्यात नाहीये ते," ती म्हणाली. "मी दीड महिना ते वाक्य म्हणतेय. पुढे काय झालं ते नाहीये."

"उत्सुमीला," गुरुनाथ म्हणाला. "शेवटचं स्टेशन. सगळे उतरले तेव्हा मला कळलं."

"तिथे काय आहे?"

"समुद्र आहे म्हणतात. स्टेशनापासून चालत जाता येतं."

"पाहिला?"

नाही पाहिला, असं त्याने सांगितलं. बाकावर बसला होता. मशिनमधून कॉफीचा डबा काढला, तो गरम निघाला, हात भाजले म्हणून शेजारी ठेवला, तो गार झाला, आणि परतीची गाडी आली. एवढंच. कुणी पुढचं विचारलं की मागचं किती लांब असतं ते कळतं, असं काहीसं त्याच्या मनात आलं; पण जपानीत ते जुळवेपर्यंत तिची गाडी आली. ती आत जाऊन दाराशी उभी राहिली आणि तिथूनच वाकून नमस्कार केला, गाडी बोगद्यात शिरेपर्यंत वाकलेलीच होती.

त्यानंतर त्याच रुळावर उत्सुमीची गाडी आली. गुरुनाथने पाटी नीट वाचली, आणि ती जाऊ दिली. तिच्या मागची चिर्यूची होती.

संध्याकाळी प्रतापचा फोन आला. गणपतीचा प्रसाद ठेवलाय, कधी येतोस, आणि नेहमीचं, वहिनी कधी येतायत.

"सुलेखा येणार नाही," गुरुनाथ म्हणाला. "गेली ती गेलीच आहे. गुडघाबिडघा काही नव्हतं."

पलीकडे टीव्ही बंद झाला. मग प्रताप म्हणाला, "माहीत आहे रे."

"कधीपासून?"

"मागच्या दिवाळीपासून. हिची बहीण पुण्यात ईश्वरीच्याच शाळेत शिकवते."

"मग दर वेळी विचारायचास कशाला?"

"विचारायचं बंद केलं असतं, तर तुला कळलं असतं की आम्हाला कळलंय," प्रताप म्हणाला. आणि मग, जरा चिडूनच, "मोदक खराब होतायत. ये उद्या."

गुरुनाथने फोन ठेवला. मागच्या दिवाळीपासून दोन शहाणी माणसं एकमेकांना जपत, एका रिकाम्या खुर्चीभोवती फुगडी घालत होती. त्याला हसूही आलं. हसू आल्यावर खोली आणखी मोठी वाटली, पण ते असो.

ऑक्टोबरात लिनचा प्रवेश झाल्याचं होरी-सानांनी सांगितलं. ती कोमिनकानात येऊन त्यांच्यासाठी चहाची पत्ती आणि सेन्सेईंसाठी एक खोकं ठेवून गेली होती. रविवारपर्यंत थांबणं तिला जमणार नव्हतं, विमान शुक्रवारचं होतं. खोक्यात चिनी बनावटीचा प्रेशर कुकर होता. शिटी वेगळी, कागदात गुंडाळलेली. एका माणसाला तो फार मोठा होता.

रविवारी पुढचा बाक रिकामा होता. गुरुनाथने फळ्यावर 'टेक' लिहिलं, सगळी जुनी वाक्यं लिहिली आणि शेवटी एक नवं लिहिलं: गाडी मला उत्सुमीला घेऊन गेली. पाच आवाजांनी ते म्हटलं. म्हणून झाल्यावर फुजियानच्या भावांपैकी धाकट्याने हात वर केला. लिन जाताना त्याला काय सांगून गेली होती कोण जाणे.

"सेन्सेई," तो म्हणाला, "मग?"

गुरुनाथने खडू खाली ठेवला, मागे वळला, आणि पुढच्या रिकाम्या बाकावर सांगायला बसला. होरी-सानांनी ऐकू यावं म्हणून चहाचं पाणी बंद केलं.